वर्गमित्रांच्याच शैलीत त्यांची पोर्ट्रेट: शिकणं की उचलणं?

पूर्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी परभणीची, सध्या छत्रपती संभाजीनगरला फोटोग्राफी शिकते. शेवटचं वर्ष आहे. वार्षिक प्रदर्शनासाठी एक मालिका केलीय आणि तिच्यावरून वर्गात वाद सुरू आहे, म्हणून इथं विचारते.

मालिका अशी: वर्गातल्या प्रत्येकाचं पोर्ट्रेट काढायचं, पण माझ्या पद्धतीनं नाही, ज्याचं त्याच्या पद्धतीनं. इतका काळ सोबत काम केल्यावर कुणाचा फोटो कुठला हे नाव न बघता ओळखू येतं. शहागंजातली एक मैत्रीण आहे. ती माणसाला घरातच बसवते, खिडकीकडं पाठ करून. चेहरा अंधारात, गालाच्या कडेला उजेडाची बारीक रेघ, आणि बाजूला आजीची हिमरू शाल नाहीतर नक्षीचा पडदा. तिचं पोर्ट्रेट मी तिच्याच घरात तसंच काढलं. नांदेडचा एकजण जत्रेत रात्री फ्लॅश मारतो आणि शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. माणूस जागच्या जागी, पाळण्याचे दिवे फरफटलेले. त्याला माळेगावच्या यात्रेत गाठलं. लातूरची मैत्रीण सगळ्यांना पांढऱ्या पडद्यापुढं एकाच अंतरावर सरळ उभं करते.

आणि बीडकडचा मित्र. तो भर दुपारी फोटो काढतो. रिफ्लेक्टर नाही, आडोसा नाही. २८ एमएमची रुंद कोनाची लेन्स घेऊन माणसाच्या अगदी तोंडाजवळ जातो. भुवयांखाली काळी सावली, बारीक झालेले डोळे, सुकलेले ओठ. गेल्या मे महिन्यात मी त्याला मैदानात उभं केलं आणि तसाच काढला. वर्गात सगळ्यांना तो फोटो सर्वात जास्त आवडला. त्याला नाही. म्हणाला, "तू माझं ऊन घेतलंस."

सरांनी वेगळंच विचारलं: "यात तू कुठं आहेस?"

तर मला विचारायचंय की ही मालिका माझी म्हणून लावावी का? लावली तर खाली काय लिहावं? आणि सरांच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं?

मोंढा_नाका
फोटो टाका ना ताई. नुसत्या वर्णनावर काय सांगणार?

पूर्णाकाठ
ज्यांचे चेहरे आहेत त्यांना विचारल्याशिवाय इथं टाकणार नाही. विचारून बघते.

जुनी_डार्करूम
पोरी, आमचा तालुक्याच्या गावी स्टुडिओ होता. मी ज्यांच्याकडं शिकलो त्या उस्तादांची रीत ठरलेली. पाचशेचा बल्ब डावीकडून, डोक्याच्या वरून. दुसरा बारका समोरून, पुढं पांढरं कापड लावून. नाकाची सावली ओठाला टेकली नाही पाहिजे. मग निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलनं रिटचिंग. शागिर्दानं दुसरी लायटिंग केली की ओरडा बसायचा.

पुढं मी माझा स्टुडिओ टाकला तर गिऱ्हाईक फोटो हातात धरून म्हणायचं, "हा तर त्यांच्याच हातचा वाटतोय." मला त्यात अभिमान वाटायचा. पण आमच्याकडं यायचे ते कोरडवाहू शेतकरी. समोरचा तो बारका बल्ब त्यांच्या सुरकुत्या पुसून टाकायचा. म्हातारा फोटोत तरणा दिसायचा आणि घरी सुना हसायच्या. मी हळूहळू तो बल्ब लांब नेला, मग बंदच केला. माझी म्हणून जी काय लायटिंग झाली ती तिथं झाली. उस्तादांची रीत हाताला पक्की बसली होती म्हणून कळलं की कोणता बल्ब काढायचा.

तू मालिका लाव. बिनधास्त लाव.

सडेतोड_जालना
राग मानू नका, पण काकांशी मी सहमत नाही. उस्तादाची नक्कल शागिर्दानं केली तर उस्तादाचं काही बिघडत नाही, त्यांचं नाव आधीच झालेलं असतं. इथं दोघंही विद्यार्थी आहेत. बीडच्या मुलाचं काम अजून कुणी बघितलेलं नाही. उद्या प्रदर्शनात दुपारच्या उन्हातला चेहरा लोक पहिल्यांदा बघतील तो धागाकर्तीच्या नावानं. नंतर तो मुलगा स्वतःचे फोटो घेऊन आला की म्हणतील, हा तर तिचं बघून काढतोय. त्याच्या रागाचं कारण मला हेच वाटतं आणि ते रास्त आहे.

वाटेवरचा_फोटोवाला
+१. लग्नाच्या धंद्यात हे रोज बघतो. एकानं हळदीचा एखादा फोटो नव्या पद्धतीनं काढला की पुढच्या मुहूर्ताला सगळ्या जिल्ह्यात तोच. पहिला कोण ते कुणी विचारत नाही.

वेरूळ_रोड
ताई ज्या शहरात शिकतात त्याच जिल्ह्यात अजिंठा आहे, आणि नकलेचा एवढा मोठा इतिहास दुसरीकडं क्वचित असेल.

रॉबर्ट गिल हा मद्रासच्या फौजेतला अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होता. त्यातल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली आग लागली तेव्हा जळाल्या. पुढं १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. १९०९ ते १९११ च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम आल्या. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाचा. त्यांच्याबरोबर नकला करायला जे तरुण चित्रकार होते त्यात नंदलाल बोस होते.

हेच नंदलाल बोस पुढं १९३८ च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठी पोस्टर करतात. जाड रेघ, सपाट रंग, ढोलकी वाजवणारा, कुस्ती खेळणारे, स्वयंपाक करणाऱ्या बाया. त्यात अजिंठ्याचा तो प्रसिद्ध पद्मपाणी बोधिसत्त्व कुठं दिसत नाही. पण बोटांची वळणं, मानेचा कल, कमरेतला झोक निरखून बघा. लेण्यात बसून रेघ गिरवल्याचा फायदा तिथं दिसतो. गिरवण्यानं माणूस स्वतःला हरवतो हे मला मुळीच पटत नाही.

सडेतोड_जालना
वेरूळ रोड, माहिती उत्तम. पण अजिंठ्याच्या चित्रकारांना काही गमवायचं नव्हतं, ते जाऊन दीड हजार वर्षं झाली होती. बीडचा मुलगा हयात आहे आणि पलीकडच्या बाकावर बसतो.

वेरूळ_रोड
मान्य. श्रेय द्यायलाच हवं. माझा मुद्दा फक्त सरांच्या प्रश्नापुरता होता.

काळापांढरा
शैली एकट्याची असते का, हाही प्रश्न आहे. लातूरच्या मैत्रिणीचा पांढरा पडदा घ्या. रिचर्ड अॅव्हेडॉनने १९७९ ते १९८४ अमेरिकेच्या पश्चिम भागात खाणकामगार, फिरस्ते, शाळकरी पोरं अशीच उभी केली होती. पांढरा कागद टांगायचा, तोही सावलीत, म्हणजे चेहऱ्यावर कुठल्याच बाजूची कडक सावली येत नाही. शहागंजच्या मैत्रिणीचा नक्षीचा पडदा बघून मला सेदू केईता आठवला. आफ्रिकेतल्या माली देशात, बामाको शहरात १९४८ पासून त्याचा स्टुडिओ होता. सुरुवातीला मागं स्वतःच्या पलंगावरची चादरच टांगायचा. दोन-तीन वर्षांनी कापड बदलायचा आणि पुढं कापडावरून फोटो कुठल्या सालचा ते ओळखायचा.

या मुलींनी हे फोटो बघितले असतील किंवा नसतील. पण आजीची शाल टांगली की ती त्या घरची होते, कागद लातूरला टांगला की त्यापुढं लातूरची माणसं येतात.

गंजगोलाई
लातूरचा उल्लेख झाला म्हणून आलो. सगळे एकाच अंतरावर, सरळ, एका रांगेत? हाच तो लातूर पॅटर्न 😀

तिचं काम मी बघितलंय (ओळखतो, नाव सांगत नाही). साधं वाटतं, पण ती माणसाला तिथं इतका वेळ उभं ठेवते की तो हसायचं सोडून देतो, मग काढते. तो वेळ तुम्ही दिला होता का ताई?

पूर्णाकाठ
हो. ती माझ्यासमोर उभी राहून कंटाळली, "काढ ना आता" म्हणाली, तरी थांबले. शेवटी तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं तेव्हा काढला. तिच्या फोटोत हात असेच नकळत काहीतरी करत असतात.

गंजगोलाई
मग तुम्ही पडदा नाही, तिचा धीर घेतलाय. मला चालेल.

थोडीशी_वकिली
कायद्याचं सांगतो. उन्हावर कॉपीराइट नसतो, शैलीवरही नसतो. आपला कायदा १९५७ चा. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलंय की कल्पना, विषय यांना संरक्षण नाही, त्या ज्या रूपात मांडल्या त्या मांडणीला आहे. म्हणजे मित्राचाच एखादा फोटो समोर ठेवून तोच माणूस, तीच जागा, तीच चौकट हुबेहूब उभी केली तर गोष्ट वेगळी. त्याच्यासारख्या उजेडात त्याचाच नवा फोटो काढला, तर तो फोटो ज्यानं काढला त्याचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोची मुदत चित्रासारखीच झाली, काढणाऱ्याची हयात आणि पुढं ६० वर्षं.

वाटेवरचा फोटोवाला यांच्यासाठी: पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला मालक गिऱ्हाईक ठरतो. लग्नाच्या ऑर्डरी घेताना कागद करत जा.

वाटेवरचा_फोटोवाला
हे माहीतच नव्हतं साहेब. आभारी आहे. उद्यापासून पावतीच्या मागं छापून घेतो.

नवा_कॅमेरा_हिंगोली
अवांतराबद्दल माफी. दुपारच्या उन्हाचा विषय आहे म्हणून विचारतो. आजोबांचा फोटो काढतो तेव्हा पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि मधी चेहरा एकदम काळा ठिक्कर येतो. कॅमेरा खराब आहे का?

काळापांढरा
कॅमेरा चांगला आहे. त्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं, साधारण १८ टक्के उजेड परतवणारं आहे असं धरून चालतो. फ्रेमभर पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, मग तो सगळंच गडद करतो. त्यात आजोबांचा सावळा चेहरा बुडतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +२/३ ते +१ ठेवून बघा, किंवा स्पॉट मीटरिंग करून चेहऱ्यावरूनच मोजा. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि टोपीचा पांढरा पार उडाला नाही ना, ते हिस्टोग्रामवर, म्हणजे उजेडाच्या आलेखावर, बघा.

जुनी_डार्करूम
आमच्याकडं मीटरच नव्हता. कडक ऊन असलं की लेन्सचं छिद्र एफ १६ वर, आणि शटर फिल्मच्या स्पीडइतकं. शंभरची फिल्म असली तर सव्वाशेवर लावायचं. चेहऱ्याचं बघायचं असलं तर त्यावरून एक स्टॉप उघडायचा, म्हणजे उजेड दुप्पट. आजोबांना कडुनिंबाच्या सावलीत आणा की, सगळ्यात सोपं ते.

नवा_कॅमेरा_हिंगोली
काका, कडुनिंबाखाली आणलं तर आजोबा झोपतात 😀 दोघांचे आभार, करून बघतो.

फडावरचा
मी पण बीड जिल्ह्यातला, ऊसतोडीच्या घरातला. सगळं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहायलोय.

आमचे माय-बाप दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन कारखान्यावर जायचे. मी लहान होतो तव्हा संग जायचो, कोपीत, झोपडीतच, राहायचो. पहाटे अंधारातच दोघं फडात. संध्याकाळी वाढ्याचा, उसाच्या शेंड्यांचा, भारा डोक्यावर घेऊन माय परत यायची तव्हा पुन्हा अंधार. उजेडात मायचं तोंड निवांत बघायला मिळायचं ते फकस्त दुपारी, भाकर खायला बसली की. फडात झाड नसतंय. तोडलेल्या वाढ्यावरच बसायची, डोक्यावरचा पदर पुढं ओढून. कपाळाच्या सावलीत डोळे दिसायचे नाहीत. हाताला उसाच्या पातीचे ओरखडे, त्याच हातानं ठेचा मोडून मला द्यायची.

तुमच्या मित्राची गोष्ट मला माहीत नाही. पण तो जर आमच्यासारख्या घरातला असंल, तर त्यानं दुपारचं ऊन काय हौसेनं निवडलेलं नाही. त्याला माणूस बघायला तेवढाच वेळ मिळाला. तुम्ही त्याला कॉलेजच्या मैदानात उन्हात उभं केलं. फोटो चांगला आला असंल, पण त्या दुपारी तिथं थांबायचं त्याला काय कारण व्हतं? लायब्ररीत पंखा व्हता की.

मला राग नाही आलेला ताई. तुम्ही त्याला विचारा, दुपारीच का म्हणून. तो सांगंल.

सडेतोड_जालना
इतका वेळ मी नावाचं आणि श्रेयाचं बोलत होतो. फडावरचा, तुम्ही मुद्दा मुळाशी नेलात.

नाथांच्या_गावचा
पैठणहून लिहितो. भारूड नाथांचंच असतं, पण सोंग घेणारा आपल्या गावची बोली आणतो, आपल्या गावचा वेडेवाकडेपणा आणतो, तेव्हा लोक ऐकतात. नुसतं पाठ म्हटलं तर उठून जातात. फडावरच्या दादांनी जे सांगितलं ते मला असंच समजलं. मित्राचं ऊन घ्यायला हरकत नाही, पण ते ऊन कशापायी आहे ते अंगात यायला पाहिजे.

पूर्णाकाठ
फडावरचा दादा, तुमचा प्रतिसाद मी त्याला दाखवला. बराच वेळ तो काही बोलला नाही, मग बोलत बसला. त्याचे आई-वडील आत्ता कोल्हापूरकडं तोडीला आहेत. ते तोडीला जातात हे मला माहीत होतं, दुपारचं कारण मी कधी विचारलं नव्हतं. त्याचं तुमच्यासारखंच निघालं. त्याच्या पहिल्या फोटोत त्याची आई आहे, हातात जर्मनचा डबा.

तो म्हणतोय, फडावर चल आणि तिथं माझा फोटो काढ. अट एकच, आई जेवून उठल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढायचा नाही.

काळापांढरा
जरूर जा, पण एक व्यवहाराची गोष्ट. आत्ता जानेवारी आहे. आपल्याकडं या दिवसांत भर दुपारीही सूर्य साधारण ५० अंशांवरच असतो, कोल्हापूरला जरासा वर. भुवयांखालची ती काळी सावली आत्ता मिळणार नाही. मार्चअखेर तो सत्तरच्या पुढं जातो. तोड सुरू असली तर तेव्हा जा.

फडावरचा
मार्चपस्तोर पट्टा पडंल, म्हंजी तोड संपंल, का नाही ते कारखान्यावर आहे, विचारून जा. आणि सावली कमी पडली म्हणून काय बिघडलं? जानेवारीत बी माय तिथंच बसती.

काळापांढरा
तेही खरं. आता जा आणि मार्चमध्ये पुन्हा जा, जमलं तर.

दुसरी_बाजू
उशिरा आले, सगळं वाचलं. सरांच्या प्रश्नाला कुणी नीट हात घातलेला नाही, "यात तू कुठं आहेस?" ताई, तुम्ही प्रत्येकाला त्याच्या शैलीत काढलंत. आता त्यांनाच सांगा, तुमच्या शैलीत तुमचं पोर्ट्रेट काढायला. ते काय करतात ते बघा. माणसाला स्वतःची सवय दिसत नाही, रोज बघणाऱ्याला दिसते. आम्ही कथालेखनाच्या एका शिबिरात असं केलं होतं. माझ्या नावानं इतरांनी लिहिलेल्या सगळ्या पानांत कुणीतरी गावाला निघालेलं होतं. मला तोवर पत्ताच नव्हता.

मोंढा_नाका
ही आयडिया एक नंबर.

पूर्णाकाठ
दुसरी बाजू ताई, शहागंजच्या मैत्रिणीला सांगितलं तर तिनं एक मिनिटही विचार केला नाही. मला तिच्या घराच्या दारात नेलं आणि उंबऱ्यावर उभं केलं. एक खांदा चौकटीला टेकलेला, अर्धं अंग आत, अर्धं बाहेर. म्हटलं, असं का? तर म्हणाली, "तू सगळ्यांना दारातच उभं करतेस. आम्ही मागून हसतो." घरी येऊन जुने फोटो काढून बसले. परभणीचे, पूर्णेचे, हॉस्टेलचे. मेसच्या मावशी दारात, वडील दुकानाच्या शटरखाली, आणि माळेगावला नांदेडच्या मित्राला मी त्याच्या पद्धतीनं काढलं तरी उभं केलं ते तंबूच्या तोंडाशी! शहागंजचं पोर्ट्रेटही खोलीच्या दारातून काढलेलं आहे, कडेला चौकटीची लाकडी पट्टी आलीय. ती चुकून आली म्हणून मी कापायला निघाले होते.

वेरूळ_रोड
अजिबात कापू नका! सरांना तीच पट्टी दाखवा.

जुनी_डार्करूम
बघ पोरी. म्हटलं होतं ना, बिनधास्त लाव.

सडेतोड_जालना
माझी श्रेयाची हरकत अजून आहे. प्रत्येक पोर्ट्रेटशेजारी त्या मित्राचा स्वतःचा एक फोटो लावा, त्याच आकारात आणि त्याच उंचीवर. दोन्हींखाली साल टाका, म्हणजे कुणाचं आधीचं ते बघणाऱ्याला आपोआप कळेल. बीडच्या मुलाचा आईचा फोटो पहिला लावा, तो हो म्हणाला तर. एवढं केलंत तर मी स्वतः जालन्याहून बघायला येईन.

थोडीशी_वकिली
शेजारी लावायच्या फोटोंसाठी प्रत्येकाची लेखी परवानगी घ्या. दोन ओळी पुरतात. आईच्या फोटोसाठी आईलाही विचारा.

पूर्णाकाठ
सडेतोड दादा, हे वर्गात मांडलं. सगळे तयार आहेत, बीडचा मित्रसुद्धा. खाली असं लिहायचं ठरतंय: "छायाचित्र" म्हणून माझं नाव, त्याखाली "पद्धत" म्हणून ज्याची त्याचं नाव, दोन्ही एकाच अक्षराच्या आकारात. आईला तो फोनवर विचारणार आहे. ती नाही म्हणाली तर त्याचा दुसरा फोटो लावू. मैदानातलं पोर्ट्रेट प्रदर्शनात नसेल, त्या जागी फडावरचं येईल.

गंजगोलाई
प्रिंट कशावर काढताय? पांढऱ्या पडद्याचा फोटो चकचकीत कागदावर काढू नका, हॉलच्या ट्यूबा त्यात दिसतात. मॅट घ्या. आणि कागदाचा पांढरा आणि पडद्याचा पांढरा एकमेकांत मिसळू नये म्हणून कडेला बारीक काळी रेघ ठेवा, तीसुद्धा तशीच ठेवते.

पूर्णाकाठ
मॅटच घेतेय. रेघेचं तिला विचारते. प्रदर्शन एप्रिलमध्ये आहे, सगळ्यांना खुलं. तारीख ठरली की इथंच कळवीन. फडावरचा दादा, तुम्ही त्या वेळी कुठं असाल? जमलं तर या, तुम्हाला त्याच्याशी भेटवायचंय.

फडावरचा
मी पुण्याला कंपनीत असतो आता. रविवार धरून ठेवा, येतो. मायला पण आणतो.